दहा, वीस, चाळीस, ऐंशी: मांगारेवा बेटावरची जुनी मोजणी

पॅसिफिक महासागरात, ताहितीच्या आग्नेयेला सोळाशे किलोमीटरहून जास्त अंतरावर मांगारेवा नावाचं बेट आहे. फ्रेंच पॉलिनेशियातल्या गांबिये द्वीपसमूहातलं हे सगळ्यात मोठं बेट, म्हणजे मोठं आपलं म्हणायला. मधोमध डोंगर, त्यातलं सर्वोच्च शिखर ४४१ मीटर उंच. किनाऱ्याला रिकितेआ हे मुख्य गाव, भोवती प्रवाळाचं कडं आणि आतल्या शांत पाण्यात मोत्यांची शेती. इथली मूळ भाषा मांगारेवी. ती बोलणारी माणसं आज काही शेच उरली आहेत, कारण शाळा-कचेऱ्यांत फ्रेंच आहे आणि बाकीच्या व्यवहारात ताहितीचा जोर आहे.

या भाषेत जुन्या काळी सत्तावन्न वस्तू मोजल्या की "चाळीस, दहा आणि सात" असं म्हणत. सत्तर म्हणजे "चाळीस, वीस, दहा". त्र्याण्णव म्हणजे "ऐंशी, दहा आणि तीन". तीस, पन्नास, साठ, सत्तर, नव्वद यांना स्वतंत्र नावंच नव्हती. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, या लोकांची मोजणी अर्धवट राहून गेली असावी. प्रत्यक्षात ती अतिशय विचारपूर्वक बसवलेली होती. कागद-पेन्सिल न घेता मोठे हिशेब तोंडी करायचे असतील, तर ती आपल्या मोजणीपेक्षा काही बाबतींत सरस आहे. ते कसं, हेच या लेखात उलगडून पाहू.

आधी या भाषेचं गणगोत पाहू, कारण मोजणीची मुळं तिथे आहेत. मांगारेवी ही ऑस्ट्रोनेशियन कुळातली भाषा. या कुळात बाराशेहून जास्त भाषा आहेत आणि त्या आफ्रिकेजवळच्या मादागास्करपासून थेट चिलीच्या ताब्यातल्या ईस्टर बेटापर्यंत, म्हणजे अर्ध्याहून जास्त पृथ्वीवर पसरल्या आहेत. हे लोक साधारण पाच हजार वर्षांपूर्वी तैवानहून होड्या घेऊन निघाले आणि पिढ्यान् पिढ्या बेटामागून बेट वसवत गेले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. जाताना आकडे बरोबर नेले. मादागास्करच्या मालागासी भाषेत दोन म्हणजे 'रुआ', सात म्हणजे 'फितू', आठ म्हणजे 'वालू'. न्यूझीलंडच्या माओरीत तेच 'रुआ', 'फितू', 'वारू'. हवाईत 'लुआ', 'हिकू', 'वालू'. आणि मांगारेवात एक ते नऊ असे: ताही, रुआ, तोरू, हा, रिमा, ओनो, हितू, वारू, इवा. पाचाला बहुतेक ठिकाणी लिमा, रिमा असंच काहीतरी म्हणतात आणि कित्येक भाषांत त्याचा अर्थ हात असाही होतो. पाच बोटांचा एक हात, इतकं ते सरळ आहे.

या कुळाची मूळ मोजणी दहाची होती. एक ते नऊ आणि मग दहा, म्हणजे आपल्यासारखीच. पण वाटेत ठिकठिकाणी लोकांनी तिला आपापल्या सोयीने वाकवलं. तैवानमधल्या पाझेह भाषेत सहा म्हणजे 'पाच-एक' आणि सात म्हणजे 'पाच-दोन'. मलयने सात, आठ, नऊ यांचे जुने शब्द सोडले आणि नवे घडवले. त्यांचा आठ मुळात "दहातून दोन काढले" असा बनलेला आहे. न्यू कॅलेडोनियाजवळच्या इआइ भाषेत वीस म्हणजे 'एक माणूस': हातापायांची सगळी बोटं मोजून झाली की एक माणूस पुरा झाला. हवाईत तर चारावर सगळा डोलारा उभा राहिला. चाराचा एक गट 'काउना', चाळीस म्हणजे 'काआउ', चारशे म्हणजे 'लाउ', चार हजार म्हणजे 'मानो'. हाताच्या बोटांमधल्या चार फटींत चार मासे शेपटीने धरता येतात, म्हणून चाराची सवय लागली असं तिथे सांगतात. बाजारात मासळी उचलताना बघितलं असेल तर हे स्पष्टीकरण पटायला जड जात नाही.

आता मांगारेवाकडे वळू. इथल्या मोजणीत नऊपर्यंत साधे आकडे आणि त्यापुढे चार पायऱ्या. दहाची पायरी 'ताकाउ'. दोन ताकाउ झाले की 'पाउआ', म्हणजे वीस. दोन पाउआ झाले की 'तातौआ', म्हणजे चाळीस. दोन तातौआ झाले की 'वारू', म्हणजे ऐंशी. वारू हाच शब्द आठासाठीही आहे, पण मोठ्या मोजणीत तो दहाच्या आठ पटीसाठी येतो. ऐंशीच्या पुढे वारूच मोजत जायचे: दोन वारू म्हणजे एकशे साठ, तीन वारू म्हणजे दोनशे चाळीस.

इथे एक बारकावा आहे आणि सगळी गंमत त्यातच आहे. दहा ते ऐंशीच्या दरम्यान प्रत्येक पायरी एकदाच येऊ शकते. दोन ताकाउ असं कधी म्हणायचंच नाही, कारण दोन झाले की त्यांचा लगेच एक पाउआ होतो. म्हणजे कुठल्याही संख्येत ताकाउ एक तर आहे किंवा नाही. पाउआ आहे किंवा नाही. तातौआ आहे किंवा नाही. आहे-नाही, हो-नाही, एक-शून्य. संगणकाच्या पोटात चालणारं द्विमान गणित नेमकं हेच करतं.

प्रत्यक्ष बेरीज करून पाहिल्याशिवाय याची चव कळणार नाही. सत्तावन्न आणि छत्तीस घेऊ. मांगारेवी पद्धतीने पहिला ढीग म्हणजे तातौआ, ताकाउ आणि सात. दुसरा म्हणजे पाउआ, ताकाउ आणि सहा. सुटे आधी: सात आणि सहा तेरा, म्हणजे एक ताकाउ आणि सुटे तीन. आता ताकाउ किती? दोन्ही ढिगांतला एकेक आणि हा नवा, असे तीन. त्यांतल्या दोघांचा एक पाउआ झाला, एक ताकाउ उरला. पाउआ किती? छत्तिसातला एक आणि आता झालेला एक. दोघे मिळून तातौआ. तातौआही आता दोन झाले, सत्तावन्नातला आणि हा. दोघांचा वारू. उत्तर: वारू, ताकाउ आणि तीन. म्हणजे त्र्याण्णव. सुट्यांची बेरीज एकदा झाली, की पुढे "दोन झाले, वरच्या पायरीवर एक" याखेरीज दुसरं काहीही लक्षात ठेवावं लागलं नाही.

आपण हीच बेरीज मनात करतो तेव्हा दशकाच्या घरातही नऊपर्यंतचा कुठलाही आकडा असू शकतो. पाच आणि तीन आठ, हातचा एक, नऊ. हे आपल्याला अंगवळणी पडलं आहे, कारण लहानपणी पाढे आणि बेरजा घोकून घेतल्या आहेत आणि हाताशी कागद असतो. पण लिहिण्याची पद्धत नसलेल्या समाजात हिशेबाचा प्रत्येक टप्पा डोक्यातच धरून ठेवायचा असतो. तिथे "ताकाउ आहे का नाही" एवढंच आठवावं लागणं ही मोठी सवलत आहे.

दुप्पट करणं तर याहून सोपं. पंचाहत्तर म्हणजे तातौआ, पाउआ, ताकाउ आणि पाच. दुप्पट करायचं तर प्रत्येकाला एक पायरी वर सरकवायचं: तातौआचा वारू, पाउआचा तातौआ, ताकाउचा पाउआ, पाचाचा ताकाउ. झाले दीडशे. निम्मं करताना तसंच खाली उतरायचं. ज्या समाजात वस्तू वाटायच्या असतात, दोन कुळांत विभागायच्या असतात, एकाचा वाटा दुसऱ्याच्या दुप्पट द्यायचा असतो, तिथे याहून हाताशी बसणारं साधन कोणतं असेल?

मराठी वाचकाला हे फार परकं वाटायला नको. मेट्रिक मापं येण्याआधी आपल्याकडे धान्य याच चालीने मोजलं जायचं: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली. अंगणातल्या राशीवर उभं राहून कुणाला पायलीचं निम्मं द्यायचं झालं, तर गणित करावं लागत नसे, खालचं माप उचललं की काम झालं. फरक इतकाच की आपण हे मापांत केलं आणि मांगारेवाच्या लोकांनी आकड्यांत.

आता या मोजणीचा दुसरा पदर. तिथे सगळ्या वस्तू एकेक करून मोजत नसत. मोजणीच्या एककाला 'तौंगा' म्हणत. साध्या वस्तूंसाठी एक तौंगा म्हणजे एकच नग. पण हत्यारं, ऊस, केतकीच्या जातीच्या पांडानस झाडाचा माल, विलायती फणस (आपल्या कोकणात नीरफणस म्हणतात तो) आणि ऑक्टोपस, अशा ठरावीक वस्तूंसाठी एक तौंगा म्हणजे दोन, चार किंवा आठ नग. वस्तू बघून एकक बदलायचं. म्हणजे दोनाच्या तौंगाने मोजत असाल तर एक ताकाउ म्हणजे वीस नग, चाराच्या तौंगाने चाळीस नग आणि आठाच्या तौंगाने ऐंशी नग. वारूपर्यंत गेलात तर आठाच्या हिशेबात सहाशे चाळीस नग एका शब्दात मावले.

ही यादी पाहिली की एक गोष्ट नजरेत भरते. या रोजच्या, क्षुल्लक वस्तू नाहीत. नीरफणस हा तिथल्या जेवणाचा कणा. पांडानसची पानं चटया विणायला, छपरं शाकारायला लागतात. हत्यारं तर सोन्यासारखी, कारण चांगला दगड सगळीकडे मिळत नाही. हा माल मोठ्या संख्येने गोळा होई, मुखियाकडे भरणा म्हणून जाई, मेजवान्यांत वाटला जाई. मांगारेवाचे लोक शेकडो किलोमीटर दूर असलेल्या पिटकेर्न आणि हेंडरसन बेटांशीही मालाची देवघेव करत. उत्खननात सापडलेल्या दगडांवरून आणि शिंपल्यांवरून ते सिद्ध झालं आहे. ही देवघेव साधारण पंधराव्या शतकापर्यंत चालली, पुढे थांबली. ज्या मालाची मोजणी चुकली तर भांडण होईल किंवा मान जाईल, नेमक्या त्याच मालासाठी ही खास एककं होती.

एककंही बघा: एक, दोन, चार, आठ. आणि वरच्या पायऱ्या: दहा, वीस, चाळीस, ऐंशी. खाली दुपटीची साखळी, वरही दुपटीची साखळी, मध्ये दहाचा सांधा. त्यामुळे एका मालाचा हिशेब दुसऱ्या मालात नेणं सोपं होतं. आठाच्या तौंगाने मोजलेला एक ताकाउ म्हणजे ऐंशी नग. तेवढेच नग दोनाच्या तौंगाने मोजायचे तर बरोबर एक तातौआ होतो. दोन पायऱ्यांचा फरक, बाकी काही नाही.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते नष्ट होता होता बचावून. फ्रेंच कॅथलिक मिशनरी मांगारेवावर १८३४ मध्ये उतरले. त्यानंतरच्या काळात बेटाचं जुनं जग झपाट्याने बदललं, रोगराईने लोकसंख्या कोसळली, आणि युरोपीय दशमान मोजणीने जुन्या मोजणीची जागा घेतली. पण मिशनऱ्यांच्या नोंदींत आणि शब्दसंग्रहांत हे आकडे राहिले. पुढे १९३४ मध्ये होनोलुलूच्या बिशप म्युझियमच्या मोहिमेबरोबर 'ते रांगी हिरोआ' नावाचे अभ्यासक मांगारेवाला गेले. हे माओरी आईचे पुत्र, शिक्षणाने डॉक्टर, पण नाव कमावलं ते पॉलिनेशियाच्या संस्कृतीचे अभ्यासक म्हणून. त्यांचं इंग्रजी नाव पीटर बक. १९३८ मध्ये छापलेल्या त्यांच्या मांगारेवावरील ग्रंथात या मोजणीची व्यवस्थित नोंद आहे. स्वतः पॉलिनेशियन असलेल्या माणसाने ही नोंद केली, याचं मला फार मोल वाटतं. बाहेरच्या कित्येकांनी अशा मोजणीला गोंधळ म्हणून सोडून दिलं असतं.

आणि तसं सोडून दिलंही होतं. एकोणिसाव्या शतकापासून युरोपात एक समज पक्का होता: मोजणी शिकण्याची एक शिडी असते. खालच्या पायरीवरच्या माणसाला 'पाच' ही अमूर्त कल्पना कळत नाही, त्याला फक्त 'पाच नारळ' आणि 'पाच मासे' कळतात, म्हणून तो प्रत्येक वस्तूसाठी वेगळे आकडे वापरतो. मग तो सुधारतो आणि एकच मोजणी सगळ्यांना लावतो. या शिडीवर मांगारेवाला अर्थातच खालची पायरी मिळायची.

आंद्रेआ बेंडर आणि सीगहार्ड बेलर या दोन अभ्यासकांनी हा समज उलटा केला. २००८ मध्ये आणि मग २०१३ मध्ये त्यांनी मांडलं की क्रम नेमका उलट आहे. मांगारेवी लोकांच्या पूर्वजांकडे सगळ्या वस्तूंना लागू होणारी, मोठ्या आकड्यांपर्यंत जाणारी दहाची मोजणी आधीपासून होती. कुळातल्या भाषांची तुलना केली की हे दिसतंच. मादागास्करचा वालू आणि मांगारेवाचा वारू उगाच जुळत नाहीत. वस्तूनुसार बदलणारी एककं आणि दुपटीच्या पायऱ्या या त्या मोजणीवर नंतर चढवल्या गेल्या. ज्याला अमूर्त संख्या कळत नाही तो असं करूच शकत नाही. चार नगांचं एक एकक धरायचं, त्या एककांचे दहा धरायचे, त्यांची दुप्पट करत जायचं आणि शेवटी एकूण नग किती हे भान ठेवायचं, याला संख्येवर चांगलीच हुकमत लागते.

२०१३ च्या शोधनिबंधानंतर वृत्तपत्रांत बातमी अशी झळकली की पॉलिनेशियन लोकांनी लायब्निट्झच्या आधी द्विमान गणित शोधलं. लायब्निट्झ या जर्मन गणितज्ञाने एक आणि शून्याच्या गणितावरचा आपला लेख १७०३ मध्ये प्रसिद्ध केला होता, आणि मांगारेवाची पद्धत त्याच्या काही शतकं आधीची असावी असा या अभ्यासकांचा अंदाज आहे. बातमी खोटी नाही, पण सरळसोट घेतली तर दिशाभूल करते. लायब्निट्झची पद्धत तळापासून दोनाची आहे. मांगारेवाची तशी नाही. नऊपर्यंत तिथे साधे आकडेच आहेत आणि वारूच्या पुढे पुन्हा साधी मोजणी आहे. दुपटीचं राज्य फक्त मधल्या टप्प्यात.

आणि हा दोष नसून मला तरी यातच शहाणपण दिसतं. शुद्ध द्विमान पद्धतीत हिशेब सोपा होतो खरा, पण संख्या लांबलचक होते. सत्तावन्न लिहायचं तर १११००१, सहा घरं. तोंडाने बोलायचं आणि डोक्यात धरायचं तर हे कुणालाही जड जाईल. संगणकाला काही वाटत नाही, त्याला घरांची कमतरता नाही. माणसाची अडचण दुहेरी असते: घरं फार झाली तर आठवत नाहीत, आणि प्रत्येक घरातले पर्याय फार झाले तर बेरजेचे नियम घोकावे लागतात. मांगारेवाने मधला मार्ग काढला. तातौआ, ताकाउ, हितू: तीन शब्दांत सत्तावन्न. छोट्या आकड्यांत सवयीची दहाची मोजणी, आणि जिथे हातचे सांभाळताना गोंधळ होतो तिथे दुपटीच्या पायऱ्या.

तोटेही आहेत. तिप्पट करायची झाली तर आधी दुप्पट आणि मग त्यात मूळ संख्या मिळवा, असा वळसा घ्यावा लागतो. ताकाउ म्हटल्यावर नग नेमके किती, हे कशाची मोजणी चालली आहे ते माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही, त्यामुळे परक्या व्यापाऱ्याला किंवा सरकारी कारकुनाला ही पद्धत डोकेदुखीच वाटली असणार. फ्रेंच शाळेत, फ्रेंच पैशांत तिला जागा मिळणं कठीणच होतं.

जगातल्या लहान भाषांची नोंद करायला अभ्यासक जातात तेव्हा सोबत शब्दांची ठरलेली यादी नेतात. मॉरिस स्वादेश यांच्या नावाने ओळखली जाणारी शंभर शब्दांची यादी सर्वांत प्रसिद्ध. तिच्यात आकडे दोनच आहेत, एक आणि दोन. मोठ्या यादीत पाचापर्यंत. भाषांचं नातं शोधायला तेवढे पुरतात, कारण लहान आकडे सहसा बदलत नाहीत. पण मांगारेवात केवळ अशी यादी घेऊन कुणी गेला असता, तर ताही, रुआ, तोरू लिहून परतला असता आणि पाउआ, तातौआ त्याच्या वहीत आलेच नसते. पॅसिफिकमधल्या ज्या भाषांत अजून म्हातारी माणसं बोलती आहेत, तिथे वीस म्हणजे काय हे विचारून भागणार नाही. नारळ कसे मोजता, मासे कसे मोजता, लग्नात चटया दिल्या तर त्या कशा मोजता, आणि शंभरावर गेल्या की काय म्हणता, असं एकेक वस्तू समोर ठेवून विचारावं लागेल.